गुडघ्याच्या नावाखाली

आई माझ्याकडे यायची बंद झाली ती नेमकी कधीपासून, हे मला आता सांगता येणार नाही. आधी महिन्यातून एकदा तरी ती बीबीहून लोणारला यायची. एसटीनं अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. हातात कापडी पिशवी, पिशवीत मुगाची डाळ नाहीतर तुरीच्या हिरव्या शेंगा, आणि आल्याबरोबर माझ्या स्वयंपाकघरातले डबे उघडून काय आहे, काय संपलं ते बघायची सवय. मी इथल्या एका शाळेत लिपिक आहे. शाळा सुटून घरी यावं तर ही शेजारणीशी माझ्याच सगळ्या गोष्टी बोलत बसलेली असायची. मग ती दोन महिन्यांनी यायला लागली, मग फक्त सणाला, आणि मग नाहीच. फोन केला की कारण तयार. म्हैस व्यायला झाली आहे, सोयाबीन काढणीला आलं आहे, सुनेला बरं नाही. शेवटी एकच कारण उरलं.

"गुडघा लय दुखते वं. एसटीची पायरी चढवत नाई मले."

गुडघ्यापुढे कोण काय बोलणार? सत्तरी ओलांडलेल्या बाईचा गुडघा दुखायचाच. मी तेल आणून दिलं, मेडिकलमधून गुडघ्याला घालायचा पट्टा आणला. पट्टा तिनं घातलेला मी कधी पाहिला नाही, पण त्याचंही मला विशेष वाटलं नाही.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मात्र मी हट्टच धरला. भाऊ तिला गाडीत घालून घेऊन आला. आली, नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मागच्या खोलीत जाऊन आडवी झाली. फोटो काढताना तिला तीनदा हाक मारावी लागली. पंगत बसायच्या आत भावाला म्हणाली, मला घरी सोड. पाहुण्यांपुढे मला अगदी कानकोंडं झालं. दारातच तिला गाठून मी म्हणाले, "नातीचा साखरपुडा आहे आई. दोन तास बसवत नाही का तुला?" ती हळूहळू, पाय जवळ जवळ टाकत गाडीपाशी गेली आणि बसली.

तो राग मी वर्षभर धरून होते. खोटं कशाला बोलू, म्हातारपणी हिचा जीव सगळा मुलाच्या घरात अडकलाय, लेकीचं काही पडलेलं नाही, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

भावाच्या घरी तिच्याबद्दल वेगळीच तक्रार होती. वहिनी म्हणायची, "आत्याबाईचं सोवळं लय वाढलं. कपड्याले हात लावू देत नाईत." आई आपली लुगडी स्वतःच धुवायची, सगळ्यांच्या आधी, आणि गोठ्याच्या मागे, कोणाची नजर जाणार नाही अशा दोरीवर वाळत घालायची. भजनाला जाणं तिनं सोडलं होतं. पाणी घोटभरच प्यायची. वडिलांच्या खोलीतून आपलं अंथरूण उचलून तिनं मागच्या खोलीत नेलं होतं. वडील कोणी विचारलं तर हसून म्हणत, "हिचं मन आता देवात लागलं." वय झालं, एवढे दोन शब्द घरातल्या सगळ्यांना पुरत होते. मलाही पुरले.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत वहिनी माहेरी लग्नाला गेली, म्हणून मी चार दिवस बीबीला राहायला गेले. दुसऱ्याच दिवशी दुपारची गोष्ट. भाऊ आणि वडील वावरात गेले होते. आई अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासात गेली, ती अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. ऊन तर असं की पत्र्याचं दार हाताला चटका देत होतं.

"आई, बरी आहेस ना?"

"हाव."

"मग इतका वेळ?"

"तू जाय तिकडं. येतो मी."

मी दोन पावलं मागे सरले आणि तेवढ्यात मला तिचं हुंदका गिळल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. माझी आई रडत नाही. तिचा भाऊ गेला तेव्हाही आल्यागेल्याला चहा करून देत होती.

"आई, कडी काढ."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. घामानं न्हालेली, एक हात भिंतीला, दुसरा पोटाशी. मी तिला धरून आत आणलं आणि खाटेवर निजवलं. पंखा तिच्याकडे केला.

"लघवीच होऊन नाई राह्यली," ती म्हणाली. "सकाळपासून. आत ढकलल्याबिगर होत नाई. आज ढकलूनबी होऊन नाई राह्यली."

"काय ढकलल्याबिगर?"

ती छताकडे बघत होती. "अंग येते बाहेर."

मी चोपन्न वर्षांची बाई, दोन बाळंतपणं झालेली. तरी मला क्षणभर कळेना. मग कळलं, तिची गर्भपिशवी खाली उतरत होती, आणि मी खाटेच्या कडेला बसले.

डोळे मिटूनच तिनं सांगितलं. माझी मुलगी पाचवीत होती तेव्हापासूनचं हे. म्हणजे तेरा वर्षं. आधी कापसाचं गाठोडं उचललं की खाली उतरल्यासारखं वाटायचं, निजलं की परत जागेवर. मग उभं राहिलं तरी. मग रोजच. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून ती घट्ट लंगोट बांधायची. चालताना घासून जखमा व्हायच्या, त्यांना खोबरेल तेल लावायची. खोकला आला की कपडे ओले व्हायचे. एकदा माझ्याकडे येताना एसटीत खड्ड्याचा दणका बसला आणि सीटच ओली झाली. शेजारी बसलेल्या बाईनं नाकाला पदर लावला. पुढच्या थांब्यावर आई उतरली, आणि तिथून चालत, थांबत, परत चालत घरी गेली. त्यानंतर ती एसटीत बसली नाही.

"आणि गुडघा?"

"गुडघ्याचं सांगता येते," ती म्हणाली.

मला तिच्याकडे बघवेना. साखरपुड्याच्या दिवशी दारात मी जे बोलले होते, ते शब्दन् शब्द मला आठवत होतं.

"मला का नाही सांगितलंस आई?"

"लेकीले सांगाचं असते का हे? माया मायलेबी होतं. तिनं कोणाले सांगतलं? बाईच्या जातीले असतेच हे." मग थोडं थांबून म्हणाली, "तू पोटात होती तवा ठीक होतं. तुया भावाच्या वक्ताले बाराव्या दिवशी सासूनं वावरात धाडलं. पऱ्हाटीचा कापूस वेचाले. तवाच काईतरी सैल झालं."

तासभर निजल्यावर तिला लघवी झाली. त्या दिवसापुरतं निभावलं. पण आता मी गप्प बसणार नव्हते, आणि हे तिलाही कळलं होतं, कारण संध्याकाळपासून ती मला टाळायला लागली. डॉक्टरचं नाव काढलं की उठून म्हशीकडे जायची. कापतील, असं तिला वाटत होतं. गडीमाणसापुढे लुगडं वर करायचं, त्यापेक्षा मेलेलं बरं, असंही म्हणाली. आणि या वयात? उरले किती दिवस?

शाळेतल्या एका बाईंना मी फोन केला. त्यांच्या जावेला असाच काही त्रास झाला होता. मेहकरला एक डॉक्टर आहेत आणि खामगावला एक, दोघी बायकाच, असं त्यांनी सांगितलं. मेहकर जवळ. मी तेच धरून बसले.

"मेहकरले नाई," आई म्हणाली. "मेहकरच्या दवाखान्यात अर्धी बीबी बसेल असते. खामगावले जाऊ. तिकडं आपल्याले कोण ओळखते?"

म्हणजे ती यायला तयार झाली होती.

अडचण वडिलांची आली. आईनं गुडघा दाखवायला खामगावला जाते म्हणून सांगितलं. वडील म्हणाले, "गुडघ्याले खामगावले कायले? हाडाचा डॉक्टर मेहकरले हाय ना." दोन-तीनदा त्यांनी तेच विचारलं. मी चुलीपाशी चहा करत होते. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मग वडिलांसमोर, खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली. काय सांगितलं ते मला पूर्ण ऐकू आलं नाही, ती फार हळू बोलत होती.

"मले वाटलं," ते शेवटी म्हणाले, "तू मायावर नाराज हायस."

"नाराज कायले होऊ?"

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय केलं असतं तुमी?"

वडिलांनी टोपी घातली आणि बाहेर निघून गेले. चहा निवला. मला वाटलं झालं, आता हे गावभर तोंड लपवत फिरतील. अर्ध्या तासानं परत आले आणि दारातूनच म्हणाले, "भाड्याची गाडी सांगतली. सोमवारी सकाळी येते. एसटीत दणके बसतात."

सोमवारी आम्ही तिघं निघालो. वडील पुढे, ड्रायव्हरशेजारी. खड्डा आला की ते मागे न बघता ड्रायव्हरला म्हणत, "हळू घे बाबू." मेहकर ओलांडल्यावर आईनं पदर डोक्यावरून थोडा मागे घेतला. खामगावात दवाखान्याच्या समोर वडील उतरून चहाच्या टपरीवर बसले. आत येत नाही म्हणाले.

आम्ही दोघी आत गेलो. बाकांवर पंधरा-वीस बायका. बऱ्याचशा पोटुशी, दोघी-तिघी म्हाताऱ्या. आईनं एक नजर फिरवली आणि माझा हात इतक्या जोरानं दाबला की बांगडी रुतली. कोपऱ्यातल्या बाकावर आमच्याच गावची, आमच्या मागच्या गल्लीतली एक काकू बसलेली होती. सोबत तिची भाची. काकूनंही आम्हाला पाहिलं. पदर झटकन तोंडावर ओढला, पण उशीर झाला होता.

परत फिरावं तर फिरता येईना. आई काही क्षण तशीच उभी राहिली आणि मग जाऊन तिच्या शेजारी बसली.

"कायले आलती वं?" आईनं विचारलं.

"डोळे दाखवाले," काकू म्हणाली. "मोत्याबिंदू हाय म्हणतात. तू?"

"गुडघा."

दोघी समोर बघत बसल्या. समोरच्या भिंतीवर पोटातल्या बाळाचं भलंमोठं चित्र होतं. काकूनं ते चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आईकडे. आईच्या ओठांचा कोपरा हलला. काकूच्या पोटातून आधी एक दबका आवाज निघाला, आणि मग त्या दोघी म्हाताऱ्या तोंडात पदर कोंबून अशा हसायला लागल्या की पेशंटचे कागद लावणारी मुलगी मान वर करून बघायला लागली. हसता हसता काकू एकदम थांबली, पाय घट्ट जवळ घेतले आणि म्हणाली, "हसू नको वं, सगळं ओलं होते माह्यं." त्यावर तर आई आणखीच हसली. मी तिला असं हसताना कितीतरी वर्षांनी बघत होते.

मग त्या बोलायला लागल्या. हळू आवाजात, एकमेकींकडे तोंड करून. कधीपासून, किती, काय बांधते, रात्री किती वेळा उठते. काकूला नऊ वर्षं झाली होती. दोघींची घरं पाठीला पाठ लावून. एकीच्या परसातून दुसरीच्या परसात वाळत घातलेले कपडे दिसत, आणि दोघीही आपापले कपडे दुसरीपासून लपवत होत्या. काकूही मेहकरला गेली नव्हती, आणि त्याच कारणानं.

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. आवाज शांत. आईला त्यांनी तपासणीच्या टेबलावर घेतलं तेव्हा आईनं डोळे गच्च मिटले होते, मी डोक्याशी उभी. तपासून झाल्यावर त्यांनी आईला खुर्चीत बसवलं आणि औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढलं. ही गर्भपिशवी, हे तिला धरून ठेवणारे स्नायू, ही लघवीची पिशवी.

"हे स्नायू सैल झालेत आजी. म्हणून पिशवी खाली उतरलीय आणि लघवीच्या पिशवीलाही ओढतेय."

आईनं चित्र निरखून पाहिलं. "म्हंजे पोत्याची शिवण उसवली."

"तसंच समजा."

"मंग शिवता येते?"

"येते. पण आधी साखर तपासू."

साखर बरीच निघाली. तिला साखर आहे हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. ती खाली आल्याशिवाय ऑपरेशन नको, तोपर्यंत आत एक रिंग बसवू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मऊ, बांगडीएवढी रिंग. ती बसवून त्यांनी आईला उठून चालायला सांगितलं. आई टेबलावरून उतरली. एक पाऊल टाकलं, थांबली. दुसरं टाकलं. दारापर्यंत गेली, वळून परत आली. मग एकदा खोकून पाहिलं, मुद्दाम.

"नाई आलं," ती म्हणाली. आणि पुन्हा दारापर्यंत गेली.

मी पर्समधून पैसे काढत होते, तेवढ्यात ती माझ्याकडे बोट करून डॉक्टरबाईंना म्हणाली, "बाई, इलेबी पाहा. शिंकली की इचंबी होते."

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मी कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं. शाळेच्या कपाटात फायलींच्या मागे मी एक जादा परकर ठेवत होते, दोन वर्षांपासून. दुपारचा चहा सोडला होता. नवऱ्याला ऍसिडिटीचं कारण सांगितलं होतं.

"तुला कसं कळलं?"

"मले नाई कळणार तं कोणाले कळन? शिंक आली की तू पाय आवळतेस."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला टेबलाकडे बोट दाखवलं. माझं आईइतकं वाढलेलं नव्हतं. रोज करायचे स्नायू आवळण्याचे व्यायाम त्यांनी शिकवले, वजन थोडं कमी करा म्हणाल्या. लवकर आलात ते बरं केलंत, असंही म्हणाल्या. मला ते कौतुक घेता आलं नाही. मी आले कुठे होते, मला तर आईनं पुढे ढकललं होतं.

बाहेर वडील टपरीवर तसेच बसले होते. आईला चालत येताना त्यांनी पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. परत येताना खड्डा आला तरी ड्रायव्हरला काही बोलले नाहीत, एकदा फक्त मान वळवून मागे बघितलं. आई झोपली होती.

साखर खाली यायला पाच महिने लागले. भात कमी, ज्वारीची भाकर, गोळ्या वेळेवर. वडिलांनी तिच्यासोबत स्वतःचाही गोड चहा बंद केला, तो नेम मात्र आठ दिवसच टिकला. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. काकूचं आधीच उरकलं होतं, तिला साखर नव्हती. आईला भेटायला ती दवाखान्यात आली तेव्हा येताना गाडीत लोकांना काय कारण सांगितलं, असं मी विचारलं. "जे हाय तेच सांगतलं," ती म्हणाली. "आता काय लपवू? सगळ्या गल्लीले माहीत झालं."

खरंच झालं होतं, आणि ते पसरवणाऱ्या याच दोघी होत्या. सगळ्यांना रुचलं असं नाही. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं वडिलांना ऐकवलं की बायकांनी असल्या गोष्टी ओट्यावर बोलू नयेत. वडील म्हणाले, "मंग तुया घरचीले इच्यार एकडाव." तो म्हातारा महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

मागच्या पावसाळ्यात भावाच्या सुनेला मुलगी झाली. मी बघायला गेले तर आई बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात ठाण मांडून बसलेली. सुनेनं पाण्याचा हंडा उचलायचा नाही, धुणं धुवायचं नाही, सव्वा महिना खाली वाकायचं नाही. भाऊ वैतागला होता. वहिनी भाजी निवडत होती, ती खाली मान घालूनच म्हणाली, "आमच्या वक्ताले असं काई नव्हतं बा."

मला वाटलं आता वाजणार. पण आई उठून वहिनीच्या शेजारी येऊन बसली.

"नव्हतं," ती म्हणाली. "तुले मी पंधराव्या दिवशी निंदाले धाडलं. मायासंग जे झालं तेच मी तुयासंग केलं. चुकलं माय माह्यं."

सासूच्या तोंडून असं ऐकायची वहिनीला सवय नव्हती, आम्हालाही नव्हती. वहिनीचे हात मेथीच्या जुडीवर तसेच राहिले. भाऊ बाहेर निघून गेला.

"तुले काई होते का?" आईनं हळूच विचारलं. "खोकल्यावर? उचलल्यावर?"

वहिनीनं मग मान हलवली. "थोडं. पोतं उचललं की."

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन वर्षं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढला. दवाखान्याचा नंबर दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा त्या कागद लावणाऱ्या मुलीनं उचलला. सोमवारी साडेअकराची वेळ मिळाली. नाव सांगून झाल्यावर तिनं पेशंटचं वय विचारलं.

"सत्तेचाळीस," वहिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून वाटलं, हे वय कोणी तिला बऱ्याच वर्षांत विचारलेलं नाही.

"तिले सांग," आई मध्येच म्हणाली, "संग मीबी येऊन राह्यली."